वर्चस्व ढळते आहे का?

विंडोज 10 साठीच्या नियमित सुरक्षा-सुधारणा 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्या. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे असंख्य संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले, आणि एक जुनाच प्रश्न पुन्हा चर्चेत आला : डेस्कटॉपवरील मक्तेदारी मुक्त सॉफ्टवेअरपुढे मागे हटते आहे का?

आकडे पाहिले तर उत्तर सावधच द्यावे लागते. स्टॅटकाउंटरच्या मोजणीनुसार जगभरच्या डेस्कटॉपवर लिनक्सचा वाटा फेब्रुवारी 2024 मध्ये प्रथमच 4 टक्क्यांपुढे गेला. एवढ्याने सिंहासन हलत नाही. मात्र नोव्हेंबर 2017 पासून जगातील पहिल्या 500 महासंगणकांच्या यादीतले प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते, आणि आपल्या खिशातील अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सचाच आहे. म्हणजे उणीव गुणवत्तेची नाही. मग घरच्या नि महाविद्यालयाच्या टेबलावरच गाडी का अडते?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संख्यात्मक पद्धती शिकवताना मला याचे उत्तर दरवर्षी दिसते. गणनेचे एक महागडे सॉफ्टवेअर संस्थेच्या परवान्यावर चालते. पदवी हाती येते आणि तो परवाना सुटतो. चार वर्षे स्वतः लिहिलेले प्रोग्राम विद्यार्थ्याला स्वतःच्याच संगणकावर चालवता येत नाहीत. मग पेनड्राइव्हवरून चोरटी प्रत येते, तिच्यासोबत कधी विषाणूही येतो. सवय, फाइलचा साचा आणि अभ्यासक्रम या तीन खुंट्यांना आपण बांधलेले आहोत.

या खुंट्या उपटता येतात, हे केरळने दाखवले. तेथील सरकारी शाळांत लिनक्स नुसते बसवून ते थांबले नाहीत. शिक्षकांना प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तके मुक्त सॉफ्टवेअरवर बेतली आणि दहावीची संगणक-प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच घेतली. परीक्षा बदलली की सवय बदलते. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाने उच्च शिक्षणात हीच वाट धरली. नामांकित पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे देशभरातील विद्यार्थ्यांनी सायलॅबमध्ये लिहून काढली, आणि ती कोणालाही उतरवून घेता येतात. त्याच संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठीतही आहेत.

आपल्या भाषेत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्य. फुकटाने पैसे वाचतात; मुक्ततेने पडताळणी शक्य होते, आणि विज्ञानाचा प्राण पडताळणीत आहे. 2016 मध्ये गुरुत्वीय लहरींचा शोध जाहीर करताना लायगोच्या शास्त्रज्ञांनी त्या नोंदींची विदा आणि विश्लेषणाचे पायथनमधील नमुने सर्वांसाठी खुले केले. हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया उभी राहत असताना तिथल्या एखाद्या महाविद्यालयातील मुलगीही ते विश्लेषण स्वतः करून पाहू शकते. त्यासाठी तिला कोणाच्या परवान्याची वाट पाहावी लागत नाही.

अडचणी खऱ्या आहेत. हिशेबनीस टॅली सोडणार नाही, छापखान्यातील जुन्या फाँटच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये नीट उघडत नाहीत, आणि नोकरीच्या जाहिरातीत ऑटोकॅडचे नाव असते. तेव्हा ही साधने अवश्य शिकावीत. माझा आग्रह एवढाच, की मूळ संकल्पना नि स्वतःचे काम त्यांच्या कुलपात राहू नये.

म्हणून माझे उत्तर असे : वर्चस्व ढळते आहे, पण अतिशय सावकाश, आणि जिथे कोणी जाणीवपूर्वक शिकवते तिथेच. विद्यार्थिमित्रांनो, या सत्रातील एका प्रयोगाची आकडेमोड सायलॅब किंवा पायथनमध्ये करा, अहवाल खुल्या साच्यात जतन करा आणि ती फाइल मित्राच्या संगणकावर उघडून पाहा. काय अडले, ते खाली प्रतिक्रियेत जरूर लिहा.