काचेवरची चिठ्ठी

श्टुटगार्टमधला माझा पहिला हिवाळा. दुकानासमोरच्या पार्किंगमधून गाडी मागे घेताना शेजारच्या करड्या गाडीला घासली. करंगळीएवढा ओरखडा. मालक दिसेना. कागदावर नाव, फोन नंबर लिहून तिच्या वायपरखाली खोचला आणि निघालो, तर शेजारी सामान भरणाऱ्या आजीबाई म्हणाल्या, "चिठ्ठीनं भागत नाही. थांबा, नाहीतर पोलिसांना बोलवा."

त्यांचं खरं होतं. जर्मन दंडसंहितेचं कलम १४२ त्याबद्दलच आहे. उभ्या गाडीला धक्का लावून निघून जाणं म्हणजे अपघाताच्या जागेवरून पळणं. शिक्षा दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. गाडीवाला समोर नसेल तर वाजवी वेळ त्याची वाट पाहायची, आणि तरीही तो आला नाही तर लगेच कळवायचं. मी अर्धा तास थांबलो. बोटं बधिर झाली. शेवटी फोन केला. पोलिसानं वाकून ओरखडा पाहिला, विम्याचा तपशील लिहून घेतला, आवाज न चढवता.

त्या अर्ध्या तासात सारखे बाबा आठवत होते. एकाधिकार कापूस खरेदीचे, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच घालायचे दिवस. सेलूला बैलगाड्यांची लांब रांग, कधी कधी रात्रही तिथेच काढायची. कुणी चहाला गेला, कुणी आडोशाला झोपला, आणि रांग हलली की त्याची गाडी पुढे घेण्याचं काम मागच्याचं. बाबा चाबूक आपल्याच गाडीत ठेवून जायचे. आधी त्या बैलांच्या पाठीवरून हात फिरवायचे, मग कासरा धरायचे. मला सांगायचे, "दुसऱ्याच्या बैलावर हात उगारायचा नाही, लेकरा. त्याचा धनी इथं नाही."

पुढे मी परभणीला शिकायला गेलो. त्या सालच्या कापसातून बाबांनी जुनी मोटारसायकल घेऊन दिली होती. एकदा क्लासमधून बाहेर आलो तर ती आडवी पडलेली. आरसा फुटलेला, क्लचची दांडी वाकलेली, पेट्रोल सांडलेलं. कुणीतरी आपली गाडी काढताना पाडली आणि तशीच टाकून गेला. मोडतोडीपेक्षा ते टाकून जाणंच मला जास्त लागलं. निदान उभी तरी करायची! आजही गावी आलो की तेच दिसतं. अनोळखी गाडीवर बसून तासभर गप्पा, तिच्या आरशात भांग, आणि आरसा फिरवलेला तसाच.

कायदा आपल्याकडेही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि तिथे पोलीस नसेल, तर चालकानं २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवायचं असतं. पण बाबांना ते कलम ठाऊक नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. धनी समोर नसताना त्याच्या वस्तूची राखण आपल्याकडे असते, हे त्यांना रांगेतच कळलं होतं. ती रीत बैलांबरोबर दावणीवरून गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गेल्या दसऱ्याला घरी होतो. सकाळी पुतण्यानं मोटारसायकल धुतली, झेंडूचा हार घातला. संध्याकाळी बाबांना घेऊन जिंतूर रोडला गेलो. दुकानासमोर एक स्कूटी पडली होती, माणसं तिला वळसा घालून जात होती. बाबा थांबले. आम्ही दोघांनी ती उचलली. पेट्रोल गळतंय का ते त्यांनी वाकून पाहिलं, खांद्यावरच्या रुमालानं सीट पुसली, सुटलेला हार हँडलला नीट अडकवला. ती कुणाची होती, ते आम्हाला कळलंच नाही.