लामावाल्या आजींचं देणं

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, विलामेट खोऱ्यात आमचं बिऱ्हाड आहे. कोर्व्हॅलिस गावाबाहेर पडलं की दुतर्फा गवताच्या बियाण्याची शेतं आणि हेझलनटच्या बागा लागतात. हिवाळ्यात या गवतावर मेंढरं चरायला सोडतात आणि त्यांच्यात कुठे कुठे एक उंच मान ताठ उभी दिसते. ती लामाची. ती मान मला ओळखता येते ती ज्यांच्यामुळे, त्यांना आमच्या घरात ‘लामावाल्या आजी’ म्हणतात.

आम्ही इथे आलो तेव्हा मला काम करायचा परवाना नव्हता. नवरा दिवसभर कामावर, लेक तान्ही आणि बाहेर महिनोन्महिने पावसाची झिमझिम. आजींचं कुरण आमच्या वळणावरच होतं. लेकीला कडेवर घेऊन मी कुंपणापाशी उभी राहायची. एका सकाळी गमबूट घातलेल्या आजी चिखल तुडवत आल्या आणि नावगाव न विचारता म्हणाल्या, “आधी कान बघ. लांब, केळ्यासारखे आत वळलेले असले तर लामा. आखूड, भाल्याच्या पात्यासारखे असले तर अल्पाका.” मग पाठ दाखवली. लामाची सपाट, अल्पाकाची शेपटीकडे उतरती. लामा दीडशे किलोच्या पुढे सहज जातो, अल्पाका साधारण त्याच्या निम्मा. अल्पाकातही फुगीर लोकरीचा हुआकाया वेगळा आणि रेशमी बटा लोंबणारा सुरी वेगळा.

त्या दिवसापासून मला बाहेर पडायला कारण मिळालं. पेरांबुलेटर ढकलत मी रस्त्याकडेची कुरणं बघत फिरू लागले आणि संध्याकाळी आजींना सांगू लागले. मेंढरांत एकच लामा का असतो, हे त्यांनीच समजावलं. कोयोटींपासून कळप राखायला खच्ची केलेला एकच नर ठेवतात. दोन ठेवले तर ते एकमेकांतच रमतात. एकटा असला की मेंढरांनाच आपलं गणगोत मानतो. परकं जनावर दिसलं की कान टवकारून, कर्कश ओरडत त्याच्या अंगावर जातो. मी माणदेशातली. सुगीनंतर रानात मेंढरं बसवायला आलेले धनगर आणि रात्रभर लांडग्यावर डोळा ठेवणारी त्यांची कुत्री लहानपणापासून पाहिलेली. आजींचं बोलणं मला आपल्या घरचंच वाटलं.

आजींकडच्या कितीतरी अल्पाकांना कोणी वाली नव्हता. १९८४मध्ये अल्पाकांची अमेरिकेत व्यापारी आयात सुरू झाली आणि पुढे पैदाशीच्या माद्यांना हजारो डॉलर भाव येऊ लागला. मग बाजार कोसळला आणि अनेकांना ही जनावरं जड झाली. आजींनी त्यांतली काही आपल्या गोठ्यात आणली. “यांचे पूर्वज याच खंडातले,” त्या म्हणायच्या. ते खरंच आहे. उंटांचं हे कूळ चार कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत उगवलं. त्यातले काही सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरले, इथे राहिलेले हिमयुगाच्या अखेरीस संपले आणि दक्षिणेत गेलेल्यांच्या वंशजांना अँडीजच्या लोकांनी सहा-सात हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर कातरणी असे. चटईवर अल्पाकाला आडवं करून पुढचे-मागचे पाय दोरीनं ताणून बांधायचे. डोकं धरायचं काम आजींनी माझ्याकडे दिलं. थुंकू नये म्हणून तोंडावर जुना मोजा चढवायचा, मान हलू द्यायची नाही. जनावर कण्हल्यासारखं गुणगुणत राहायचं, त्याचा गवताच्या वासाचा ऊन श्वास मनगटाला लागायचा. कातरणाऱ्याचं यंत्र पोटाकडून पाठीवर सरकलं की लोकर गोधडीसारखी अखंड उलगडायची. वरून धुळीनं मळकी, आतून लख्ख. त्या गर्दीत परकी बाई म्हणून माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. डोकं धरणारीवाचून काम अडतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग आजी लेंड्यांची पोती भरून देत. ही जनावरं ठरलेल्या एकाच जागी लेंड्या टाकतात आणि त्या न कुजवताही मातीत घालता येतात. माझी परसातली पहिली मेथी त्यांच्यावरच वाढली.

आता आजी वृद्धाश्रमात आहेत आणि त्यांची नजर गेली आहे. एकटं अल्पाका झुरतं, म्हणून त्यांनी आपली जनावरं जोडी न फोडता याच रस्त्यावरच्या शेतकऱ्यांना दिली. दर रविवारी मी त्या वाटेनं जाते आणि फोनवर त्यांना सगळं सांगते: कोण कुठे चरत होतं, कोणाची लोकर वाढली, कोणता लामा कुंपणाशी आला होता. त्या मध्येच अडवून विचारतात, “कान कसे होते?” कान मागे पाडलेले म्हणजे जनावर वैतागलेलं, म्हणून हा प्रश्न.

मला या मातीत मूळ धरता आलं ते आजींमुळे. माझ्याजवळ ना नोकरी, ना ओळख, ना धड इंग्रजी. अशा वेळी त्यांनी मला काम दिलं आणि ते मला जमेल यावर विश्वास ठेवला. यंदा कातरणीला डोकं धरायला माझी लेक बसणार आहे. हे काम आपल्याकडे कोणाकडून आलं, हे तिला मी नाव घेऊन सांगितलं आहे.