चार इंचांची उंची

आपण आहों त्याहून थोडें उंच दिसावें, ही हौस मनुष्यास पुरातन आहे. अलीकडे ती वाहनांनाहि लागली आहे, हें नागपुरच्या कोणत्याहि मोठ्या रस्त्यावर घटकाभर उभें राहिल्यास दिसून येतें. कारखान्यांतून निघालेली गाडी जशीच्या तशी चालविणें हें कांहीं तरुण मंडळींस दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगांत घालण्यासारखें वाटतें. मग ती उचलली जाते, तिला रुंद टायर चढतात, आणि तिच्यांत बसावयास वडील माणसांस पायरी शोधावी लागते.

ही नुसती हौसच असती तर आम्हीं तिच्याविषयीं लेखणी उचलली नसती. परंतु आमच्या एका पुतण्याची काटोलकडे संत्र्यांची बाग आहे, आणि त्याची गरज खरी होती. त्या भागांतील काळी माती पाणी पिऊन फुगते, आणि ट्रॅक्टर नि बंड्या यांनीं पाडलेल्या चाकोऱ्या पावसाळ्यांत इतक्या खोल होतात कीं दोन चाकोऱ्यांमधला वरंबा गाडीच्या पोटास लागतो. पावसाळाभर बागेंत जा-ये चालूच असते, आणि आंबिया बहाराचीं फळें ऑक्टोबरपासून उतरूं लागतात, तेव्हां वाट पुरती वाळलेली नसते. चिराईस मोकळी असलेली वाट आश्विनांत गाडी अडवून धरते, आणि उतरलेलें फळ वाट पाहत थांबत नाहीं.

पुतण्याची पिकअप जुन्या जीपच्या घाटाची. पुढेंमागें अखंड आस, कमानींचे पाटे आणि चारहि चाकांना इंजिनाचा जोर. त्यानें शहरांतील एका दुकानीं चार इंच उंचीचे पाटे चढविले आणि गाडी घरापुढें आणून उभी केली. ती दिसे मात्र ऐटबाज! पण दुसऱ्याच आठवड्यांत आमच्या वहिनींस डोळे दाखविण्यासाठीं नागपुरास आणतांना, एका पुलाच्या सांध्यावरून जातांच गाडीनें आपण होऊन एका बाजूस हिसका घेतला. वळणावरून बाहेर आल्यावर चक्र पूर्वीसारखें आपोआप सरळ होईना. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. परत जातांना त्यांनीं एवढेंच म्हटलें, "मी एस्. टी.नें जाईन रे, तूं गाडी घेऊन ये मागून." दर महिन्याला दवाखान्यांत यावें लागणाऱ्या बाईनें मुलाच्या गाडींत बसण्याचें नाकारावें, ही गोष्ट लहान नव्हे. पुतण्या म्हणाला, "काका, नवे पाटे आहेत, बसायला थोडे दिवस लागतात." तें त्याचें समाधान होतें, कारण नव्हे.

कारण समजून घ्यावयाचें तर गाडी वळते कशी, हें पाहिलें पाहिजे. बैलाच्या बंडीला हा प्रश्नच नाहीं. तिची आस एक, आणि बैल वळले कीं ती वळते. चार चाकें आलीं कीं आंतल्या चाकास बाहेरच्यापेक्षां अधिक वळावें लागतें. म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नांवाच्या रथकारानें यावर तोड काढली, आणि १८१८ सालीं आकरमान यांनीं इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें. आजच्या मोटारींतहि तेंच तत्त्व आहे. अखंड आसेच्या गाडींत दोन्ही चाकांस जोडणारा टाय रॉड आसेबरोबरच राहतो, म्हणून गाडी उचलल्यानें त्या दोघांचें सख्य बिघडत नाहीं. बिघडतें तें सांगाड्याचें आणि आसेचें. चक्राची पेटी सांगाड्यावर, चाकें खालीं आसेवर, आणि मध्यें निरोप्यासारखा एक दांडा. सांगाडा चार इंच वर गेला कीं हा दांडा तिरपा होतो. मग खड्ड्यांत आस वरखालीं झाली कीं तो दांडा चाकास पुढेंमागें ढकलतो. म्हणजे चालकानें न दिलेला निरोपहि तो पोहोंचवितो! पुलाच्या सांध्यावरचा हिसका तो हाच.

उपाय आहेत, पण प्रत्येक उपाय आपलें देणें मागतो. पेटीवरची ड्रॉप आर्म खालीं झुकलेल्या घडणीची घातली तर दांडा पुन्हां आडवा होतो, परंतु पेटीच्या दंडावर ताण वाढतो. आणि ती आर्म त्या गाडीसाठीं घडविलेलीच असली पाहिजे, जुनी तापवून वांकविलेली नव्हे. चक्र आपोआप सरळ व्हावें म्हणून पाटा आणि आस यांमध्यें पाचर घालून आस मागें कलवितात. पण तसें करतांच पुढच्या आसेला जोर नेणाऱ्या दंडाचा सांधा अधिक वांकतो. एकाची सोय पाहावी तर दुसऱ्याची गैरसोय होते. शिवाय शॉकॲब्सॉर्बर लांब लागतात, नाहीं तर आस लोंबली कीं सारा भार त्यांच्यावरच येतो. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जाऊं नयेत, हें तर सांगावयासच नको.

शेवटीं आम्ही पुतण्याला घेऊन एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं पाट्यांकडे पाहिलेंच नाहीं. "भाऊ, अडतं काय, तें सांगा," एवढेंच विचारलें. पुतण्या म्हणाला, "वरंब्याला आसेच्या मधला गोल भाग लागतो." मिस्त्री हंसले. "मग पाटे कितीही उंच करा, तो गोल भाग आहे तिथंच राहतो. तो आसेवर आहे, आणि आस चाकावर. त्याला वर नेतो फक्त टायर." आमच्या पुतण्यानें चार इंच विकत घेतले होते, पण अडत होतें तेथें त्यांतला एक इंचहि पोहोंचला नव्हता.

त्यांचा क्रम उलटा होता, आणि तोच आम्हांस खरा वाटला. आधीं वाट पाहावी, वाटेप्रमाणें टायर, टायर घासूं नये इतकीच उंची, उंचीप्रमाणें शॉकॲब्सॉर्बर, नळ्या आणि दांडा, आणि सर्वांवर वजन, कारण संत्र्यांचे क्रेट भरल्यावर पाटे किती दबतात हें रिकाम्या गाडीवर कळत नाहीं. दोन इंच अधिक व्यासाचा टायर आसेला एकच इंच वर नेतो, आणि गतिदर्शक कांटा खऱ्याहून कमी वेग दाखवूं लागतो, हेंहि त्यांनीं बजावलें. "पाटे दोन तासांत चढतात, भाऊ. हिशेब जुळवायला दोन दिवस जातात," हें त्यांचें वाक्य आम्हीं मनांत ठेवलें आहे. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आहेच. उत्पादकाच्या मूळ वर्णनाशीं विसंगत होईल असा बदल करतां येत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत पुन्हां स्पष्ट केलें. तेव्हां पाना हातीं घेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घेणें हें शहाणपणाचें.

ती चौकशी झाल्यावर पुतण्यानें चार इंचांचे पाटे उतरविले. दोन इंचांचे चढले, टायर एक माप मोठे आले, दांडा आडवा झाला, आणि वाटेंतला वरंबा फावड्यानें थोडा खरवडला गेला. हा शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त होता, आणि सर्वांत शेवटीं सुचला! गाडी आतां शेजाऱ्याच्या गाडीपेक्षां ठेंगणी दिसते, याची त्याला थोडी खंत आहे, आणि ती स्वाभाविक आहे. परंतु पुढच्या महिन्यांत वहिनी दवाखान्यांत आल्या त्या त्याच गाडीनें. पुलाचा सांधा आला तेव्हां त्यांनीं समोरची मूठ धरली होती. तो गेल्यावर सोडली.

घरांत एक मनुष्य मोठ्या पदाला चढला कीं बाकीच्यांचे सांधे नव्यानें जुळवावे लागतात, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस असेल. उंची वाईट नाहीं. ती कोणत्या अडचणीसाठीं हवी आहे, आणि तिच्यामुळें कोणाचा दांडा तिरपा होणार आहे, हें आधीं विचारणारा एक मिस्त्री मात्र जवळ असावा.