कल्याणच्या बंदरातलं ‘जर-तर’

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात कल्याण बंदर ‘कॅलिएना’ म्हणून येतं. लिहिणारा बजावतो की, या बंदरावर आता निर्बंध आहेत. चुकून एखादं ग्रीक जहाज आलंच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेतात.

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखालच्या खाडीपाशी मला हे वाक्य आठवतं. समजा, एखाद्या वर्षी एकही ग्रीक जहाज इकडे फिरकलं नाही. त्या वर्षी ते वाक्य खरं होतं का?

मेगाराचा फिलो हा प्राचीन ग्रीक तर्कपंडित म्हणाला असता, होतं. त्याच्या मते ‘जर’ खरं निघून ‘तर’ खोटं पडलं, तरच असं वाक्य खोटं. पण मग ‘जहाज आलं तर त्याला ओवाळतात’ हेही त्या वर्षी खरंच! स्टोइक पंथाच्या क्रिसिपसला एवढं पुरेसं नव्हतं. ‘जर’ स्वीकारून ‘तर’ नाकारलं की दोहोंत विरोध उभा राहायला हवा, ही त्याची अट. रोमन लेखक सिसेरो सांगतो की, क्रिसिपसनं ज्योतिष्यांना ‘जर-तर’ सोडायला सांगितलं. ‘हे घडलं आणि ते घडलं नाही, असं होत नाही’ इतकंच म्हणा. कावळा ओरडला तर पाहुणा येतो, हे आपलं वाक्यही त्यानं असंच सैल करून मागितलं असतं. बंदरातला हुकूमही त्याच्या अटीत बसला नसता, कारण हुकूम बदलतात. तरी ‘जर’ला ‘तर’शी काय बांधतं, हे विचारण्याची त्याची वृत्ती मला फार मोलाची वाटते.

माणसं ‘जर-तर’ कसं तपासतात, हे पाहायला 1966 मध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर वेसननं चार पत्ते मांडले. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा; समोर दिसत होते एक स्वर, एक व्यंजन, एक सम आणि एक विषम आकडा. नियम असा: स्वर असेल तर मागे सम आकडा. तपासायला कोणते पत्ते उलटायचे? स्वराचा आणि विषम आकड्याचा. विषम बहुतेकांना सुचतच नाही. 1982 मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी अक्षर-आकड्यांच्या जागी बियर आणि वय घातलं (बियर पीत असेल तर वय पुरेसं हवं), आणि बहुतेकांना उत्तर आलं.

डोंबिवली स्टेशनवरच्या टीसीला हे शिकवावं लागत नाही. फर्स्ट क्लासमध्ये बसलात तर फर्स्टचा पास हवा. फर्स्टचा पास दाखवणाऱ्याला तो कुठल्या डब्यातून उतरला, हे कोणी विचारत नाही. सेकंडचा पास असलेल्याला विचारावं लागतं. तो विषम आकडा आहे. नियम कशासाठी आहे आणि तो कोण मोडू शकेल, हे टीसीला माहीत असतं. वेसनच्या पत्त्यांवरचा नियम कुणाच्याच कामाचा नव्हता.