रात्री धारप, दुपारी मतकरी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. चांगल्या दीड वर्षाने. वही जुनीच, पेन मात्र वाळून गेलं होतं, नवी रिफिल आणावी लागली.

'हे' गेल्यानंतर दोन-तीनदा प्रयत्न केला होता. तारीख घालायची आणि पुढे काही नाही. तीस वर्षं मुलांना निबंध लिहायला लावले. 'सुचत नाही बाई' म्हणणाऱ्याला 'दिसतं ते लिही' म्हणून सांगितलं. आता मला दिसत होतं ते लिहावंसं वाटत नव्हतं. वाचनाचंही तेच. इरावतीबाई, दुर्गाबाई, जी.ए.... एरवी ज्यांच्यावाचून करमत नसे, त्यांची चार पानंही पुढे सरकेनात.

मग यांचं कपाट आवरताना खालच्या खणात नारायण धारप सापडले. सतरा पुस्तकं, सगळ्यांना कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं. आमच्या घरात वाचनाच्या वाटण्या झालेल्या होत्या. मी यांच्या भुतांच्या वाटेला गेले नाही, हे माझ्या जी.एं.च्या. (यांच्या मते जास्त भीती जी.एं.चीच वाटते. अगदीच खोटं नाही ते!)

उभ्याउभ्या एक पुस्तक उघडलं, ते दिवेलागण झाली तरी हातातच. भाषा साधी, कुठे कुठे घाईची. माझ्यातली मास्तरीण जागी होऊन मनातल्या मनात लाल शाई चालवते. बऱ्याच कथांचं बी परदेशी. 'शपथ'मागे स्टीफन किंग, 'आजी'मागेही तोच. पण माजघर आपलं, तिथला अंधारही आपलाच. म्हणूनच तर ती 'आजी' २०१८च्या 'तुंबाड' सिनेमापर्यंत पोचली.

मला धरून ठेवलं ते मात्र भुतांनी नव्हे, समर्थांनी. धारपांचा हा नायक अमानवी शक्तींशी झुंजतो, ते असो. मला आवडतं ते त्याच्या आधीचं. घाबरलेला माणूस येतो, अडखळत सांगू लागतो आणि समर्थ ऐकून घेतात. सगळं. 'भास झाला असेल' म्हणून वाटेला लावत नाहीत.

हे गेल्यावर महिनाभर मला पहाटे यांच्या खोकल्याचा आवाज यायचा. दोन ठिकाणी सांगून पाहिलं. एकीकडे 'वहिनी, मन रमवा, भजनाला या', दुसरीकडे झोपेच्या गोळीचं नाव. दोघंही भल्यासाठीच सांगत होते. पण माझं वाक्य काही पुरं झालं नाही. किती वाजता? कुठल्या खोलीतून? असं कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, की तो आजारपणातला खोकला नव्हता. उठल्याची वर्दी देणारा, आधण ठेव म्हणणारा होता. मी दोनदा ठेवलंही.

धारप संपत आले तशी वाचनालयातून रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आणल्या. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांचं 'अलबत्या गलबत्या' बसवलं होतं. चिंची चेटकिणीला पोरं खिदळायची. तोच लेखक मोठ्यांना मात्र हसू देत नाही. तिथे माणूस आपल्याच घरात, आपल्याच माणसांत अडकतो आणि सोडवायला कुणी समर्थ येत नाहीत. कथा म्हणून मतकरी वरचढ, यात मला शंका नाही. पण ते दुपारी, उजेडात. रात्री धारपच बरे.

धारपांच्या एका पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर यांच्या अक्षरात दुधाचा हिशेब आहे. जून १९८७. तीन दिवस अर्धा लिटर जादा. कोण पाहुणे आले होते, काही केल्या आठवत नाही. त्याच्याच खाली परवा मी खोकल्याचं लिहिलं. वेळ, खोली, सगळं. जागा पुरली नाही म्हणून ही वही काढली.

अजून पाच पुस्तकं राहिली आहेत. पुरवून पुरवून वाचते आहे.