वाळवण

मे महिन्यात आमच्या घरी दोन वाळवणं असतात. अंगणात खाटेवर पापड-कुरडया आणि मागच्या पडवीत फळीवर माझे वाडगे. पापडांचं वाळवण दोन-तीन उन्हांत उरकतं. माझं वर्षभर चालतं आणि तेही सावलीत, कारण ऊन लागलं की लाकूड फाटतं. प्रत्येक वाडग्याच्या बुडावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहिलेलं असतं. दर महिन्याला तो तराजूवर ठेवायचा आणि जुन्या आकड्याखाली नवा मांडायचा. दोन-तीन महिने आकडा हलला नाही, की तो वाडगा पुन्हा लेथवर चढवायचा.

कारखाना बघायला येणाऱ्यांना लेथ आवडतो. गरगर फिरणारा ओंडका, पटाशीखालून उडणारी लांब सालपटं, बघता बघता उमटणारा गोल. मलाही ते आवडतं. पण वाडगा खरा घडतो तो या फळीवर, मी त्याला हात लावत नसतो तेव्हा. हे कळायला मला एक वाडगा गमवावा लागला.

पहिल्या वर्षीची गोष्ट. आंब्याच्या ओल्या ओंडक्यातून एका दिवसात वाडगा उतरवला, घासून-पुसून चकचकीत केला आणि भाऊबीजेला बहिणीच्या ताटात ठेवला. तिसऱ्या रात्री तिच्या घरात ‘टक्’ असा आवाज झाला. सकाळी बघितलं तर काठापासून बुडापर्यंत चीर गेलेली. झाडाच्या मधोमध असतो तो गाभा मी बुडातच राहू दिला होता, आणि चिरा बहुतेकदा गाभ्यापासून निघतात. बहीण काही बोलली नाही. त्या वाडग्यात ती आजही लसूण ठेवते.

लाकूड वाळतं म्हणजे नेमकं काय होतं, ते मी त्यानंतर शिकलो. पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी आधी जातं, तोवर आकारात फरक पडत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि लाकूड आकसतं. तेही सगळीकडे सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्याकडून सालीकडे थोडं, आणि वर्षवलयांच्या अंगाने त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून गोल कातलेला ओला वाडगा वाळल्यावर लांबट होतो. त्याला रोखता येत नाही. रोखायला गेलं तर तो फुटतो. आपण एवढंच करायचं, की त्याला हलायला जागा ठेवायची. दहा इंचांचा वाडगा असेल तर भिंत इंचभर जाड सोडायची, म्हणजे रुंदीचा दहावा हिस्सा. वर्षाने तो वाकडातिकडा झाला तरी त्या जाडीत एक पुरा गोल शिल्लक असतो. तो दुसऱ्यांदा कातून बाहेर काढायचा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं आणि त्या दुपारी आमच्याकडच्या वाड्या आडव्या झाल्या. पलीकडच्या वाडीतल्या काकूंच्या परसातला फणस मुळासकट उपटला. सासऱ्यांनी लावलेलं झाड. काकू म्हणाल्या, “जळणाला घालायला हात होत नाही रे. तुझ्या काही कामाला येतो का बघ.”

मी खोडाचे तुकडे केले, प्रत्येक तुकडा गाभ्यावरून उभा चिरला, गाभ्याची दोन इंचांची फळी बाजूला काढली आणि उघड्या टोकांना मेण फासलं. पाणी सगळ्यात वेगाने टोकांतूनच पळतं. पहिला अर्धा ओंडका लेथवर चढवला तेव्हा तोंडावर पाण्याचे तुषार आले, चीक आला आणि हळदीसारखं पिवळंधमक लाकूड उघडं झालं. हाच तो रंग. पूर्वेकडच्या देशांत फणसाच्या आतल्या पक्क्या लाकडातून तो काढून बौद्ध भिक्षूंची चीवरं रंगवत आले आहेत. आमच्या कोकणात त्याच लाकडाचे खांब, दारं आणि पाट झाले. उजेड लागला की तो पिवळा हळूहळू मधासारखा होतो आणि वर्षांनी तपकिरी.

गोल पटाशी धरायची एक रीत आहे. धार आधी टेकवायची नाही. धारेमागचा उतार फिरत्या लाकडावर टेकवायचा, मग मूठ अलगद उचलायची, की धार आपोआप लाकडात शिरते. बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे जायचं, आतून काठाकडून मध्याकडे. असं केलं की कापल्या जाणाऱ्या प्रत्येक तंतूला खालच्या तंतूचा आधार मिळतो. उलट गेलं की तंतू उपटले जातात आणि पृष्ठभाग दाढी वाढल्यासारखा खरखरीत होतो. भिंत पातळ होत जाते तसा आवाज चढत जातो. कुठे थांबायचं ते मी डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त ठरवतो.

प्रत्येक लाकडाचा स्वभाव वेगळा. साग वाळताना फारसा हलत नाही, पण त्याच्या अंगात वाळूचा अंश असतो आणि पटाशी पुन्हा पुन्हा सहाणेवर न्यावी लागते. बाभूळ चिवट, ती बैलगाडीच्या चाकांत उगाच नाही गेली. चिंचेचं आतलं लाकूड जांभळट काळं, भोवतीचं फिकट, आणि दोन्ही एकाच वाडग्यात आले तर दुसऱ्या सजावटीची गरज नाही. आंबा पावसाळ्यात ओला राहिला तर बुरशीने काळानिळा पडतो, म्हणून त्याची घाई करावी लागते. शिसवीचा भुसा नाकाला आणि कातडीला त्रास देतो, पण लाकूड असं की हात फिरवत राहावं. शिसवीच्या सगळ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आहेत. मी शिसवी फक्त मोडक्या पलंगांच्या पायांतून घेतो. साठ-सत्तर वर्षं वाळलेली असते ती.

कातकाम मी सावंतवाडीच्या एका म्हाताऱ्या कातारींकडे शिकलो. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या तरुणपणी लेथला मोटर नव्हती. एकाने दोरी ओढायची, दुसऱ्याने पटाशी धरायची. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी, भातुकली, पाळण्याचे खांब त्यांनी असे कातले. फिरत्या लाकडावर ते लाखेची रंगीत कांडी दाबत. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरे, आणि वरून केवड्याचं पान धरलं की आरशासारखी झळाळी येई. मी लाख क्वचितच लावतो. मला लाकडाच्या रेषा दिसाव्या लागतात, म्हणून वाडग्यांना जवसाचं तेल देतो. ते अंगात सुकतं. खोबरेल सुकत नाही आणि काही दिवसांनी खवट वास येतो. पण आबांचा एक शब्द मी जपून ठेवला आहे. सुबक चेहऱ्याला आपण ‘कातीव’ म्हणतो, तो शब्द मूळचा कातारीचा. आबा म्हणत, कातीव म्हणजे जिथे जास्तीचं काही उरलेलं नाही. मी त्याला एवढंच जोडतो, की ते जास्तीचं एका दिवसात काढायचं नसतं.

काकूंच्या फणसाचे अकरा वाडगे झाले. उरलेल्या एका तुकड्यातून मी त्यांच्यासाठी कुंकवाचा करंडा कातला. दीड वर्ष वाळवलेलं लाकूड. मे महिन्यात झाकण असं बेताचं बसवलं, की उघडताना ‘पुक्’ असा आवाज यावा. तो आवाज आला तेव्हा मला कोण आनंद झाला. श्रावणात काकूंचा निरोप आला, की मंगळागौरीला करंडा काही केल्या उघडला नाही.

जाऊन बघितलं. वाळल्यावर लाकूड थांबतं असं मी धरून चाललो होतो. पण कोकणातल्या पावसात ते हवेतलं पाणी पुन्हा पितं आणि ज्या अंगाला आकसलं त्याच अंगाला फुगतं. झाकण आणि करंडा एकाच तुकड्यातले, तेव्हा दोन्हींच्या रेषा एका ओळीत असत्या तर दोन्ही एकाच दिशेने फुगले असते आणि काही अडलं नसतं. काकूंनी झाकण आडवं लावलं होतं. कसं लावायचं ते त्यांना मी सांगितलंच नव्हतं. दोन लांबट गोल एकमेकांत आडवे अडकले. मी जोर लावला नाही. “दिवाळीपर्यंत थांबा,” एवढंच म्हणालो.

दिवाळीनंतर एका सकाळी तो हातात घेतल्यावर आपला आपण उघडला. मी झाकणाची कड केसभर उतरवली आणि आतल्या बाजूला, झाकणावर आणि करंड्यावर, एकेक बारीक खूण कोरली. दोन्ही खुणा समोरासमोर आल्या की रेषा जुळतात. तेव्हापासून वैशाखात कातलेलं झाकण मी थोडं सैल ठेवतो आणि श्रावणात कातलेलं थोडं घट्ट. करंडा आता बारा महिने उघडतो. ‘पुक्’ असा आवाज मात्र तो फक्त पावसाळ्यात करतो.