ब्रेक ऑइलची नोंद



मागच्या पर्युषणात स्थानकात दोघीतिघींनी मला विचारलं, "भाभी, तुमची ती घरगाडी विकली म्हणे?" विकली नाही. पण विकायची वेळ आली होती. ती कशी आली आणि कशी टळली, ते आज मोकळेपणाने लिहिते.

आमचे हे शिरवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. आयुष्यभर मशीनशी बोललेला माणूस. निवृत्त झाल्यावर दोन महिने घरातले नळ, पंखे, मिक्सर सगळं दुरुस्त करून संपलं, आणि मग एक दिवस जुनी व्हॅन दारात उभी राहिली. फंडातले पैसे त्यात गेले. मी काही बोलले नाही. बी.कॉम. झाल्यापासून घरची रोजकीर्द मीच लिहिते, त्यामुळे रक्कम तेवढी लिहून ठेवली. न बोलणं हीसुद्धा एक नोंदच असते, हे मला फार उशिरा कळलं.

गाडीत घर कसं करायचं याचे नियम आहेत बरं का. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत मंजुरीशिवाय बदल करता येत नाही. म्हणून यांनी वेल्डिंगला हातच लावला नाही. मागची सीट दुमडली की वर फळी बसते, तोच पलंग. खाली दोन लाकडी पेट्या, पट्ट्यांनी बांधलेल्या, हव्या तेव्हा उतरवता येणाऱ्या. स्वयंपाकाची छोटी शेगडी आणि पाच किलोची टाकी आम्ही गाडीबाहेर उतरवूनच लावतो. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो आणि बंद गाडीत वासही उशिरा येतो.

आपल्या पद्धतीच्या अडचणी वेगळ्याच. पहिली पाण्याची. घरी गाळलेलं पाणी, उकळलेलं पाणी सगळं हाताशी असतं. गाडीत साठ लिटरची टाकी. भरताना गाळायचं हे ठीक, पण गाळण्यातले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे असतात. वेल्ह्यात भरलेलं पाणी भोरला येऊन गाळलं तर ते जीव कुठे सोडणार? म्हणून मी नियम केला : जिथे पाणी भरायचं तिथेच गाळायचं, गाळणं तिथेच अलगद बादलीने खाली सोडायचं, मगच गाडी हलवायची. सुरुवातीला हे वैतागायचे. आता दोर तेच काढून ठेवतात.

दुसरी अडचण चौविहाराची. सूर्य डोंगराआड गेला की वेल्ह्याच्या बाजूला अंधार लवकर दाटतो, समोर तोरणा उभाच असतो. त्यामुळे साडेचारला गाडी थांबलीच पाहिजे. यामुळे एक फायदा झाला. आम्ही रात्री कधीच घाटात नसतो.

आणि चातुर्मास. ओल्या जमिनीवर जीव फार, म्हणून साधू-साध्वी एका जागी थांबतात. मी सहाव्या व्रतात, दिशाव्रतात, एवढंच ठेवलं आहे की ते चार महिने भोर आणि वेल्हे सोडून जायचं नाही. (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात, पण आमच्या तोंडात वेल्हेच.) त्या दिवसांत वरंधा घाटात दरडी कोसळतात, अवजड वाहनांना बंदी होते, म्हणजे निसर्गही तेच सांगतो. गाडी शेडमध्ये उभी असते. उंदीर वायरी कुरतडतात, त्यासाठी पिंजरा लावून सकाळी लांब शेतात सोडून यायचं काम माझं.

आता मूळ गोष्ट. त्या जानेवारीत भाटघरच्या पाण्याकाठी अशा गाड्यावाल्यांचा मेळावा होता. बहुतेक आमच्यासारखे निवृत्तच. कुणी सौर पॅनल दाखवत होतं, कुणी घडीचं न्हाणीघर. तिथेच एकांनी सांगितलं की हौसेने फिरायची पहिली घरगाडी १८८५ मध्ये इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातल्या माजी डॉक्टरांनी बांधून घेतली. नाव ठेवलं वाँडरर, आणि ती दोन घोडे ओढायचे. १९०७ मध्ये तिथे अशा लोकांचा क्लबही निघाला. मला आठवले ते दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागणारे आपल्याकडचे धनगर. घोड्यावर चूल, भांडी, कोंबड्या, वर लेकरू. त्यांचा क्लब कुणी काढला नाही, ते हौसेने निघालेलेही नसतात.

संध्याकाळी शेकोटी पेटली, बटाटे भाजायला टाकले. आमचं जेवण तोवर आटोपलं होतं. मी दूर बसून सामायिक केलं. परत आले तेव्हा यांच्याभोवती घोळका होता. "काका, सगळं स्वतः करता? गॅरेजला कधीच नाही?" हे हसून म्हणाले, "कशाला गॅरेज?" यांचा चेहरा इतका उजळलेला मी निवृत्तीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

फेब्रुवारीत नात आली, आठ वर्षांची. तिला रायगड दाखवायचा होता. भोरहून वरंधा घाट उतरून महाडला जायचं ठरलं. आदल्या रात्री प्रतिक्रमण झाल्यावर मी रोजकीर्द लिहायला बसले, आणि सहज मागची पानं चाळली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात : ब्रेक ऑइल, अर्धा लिटर.
फेब्रुवारीच्या सुरुवातीला : ब्रेक ऑइल, अर्धा लिटर.
परवाच : ब्रेक ऑइल, अर्धा लिटर.

तिन्ही नोंदी माझ्याच हातच्या होत्या. लिहिल्या आणि विसरले. मला गाडीतलं काही कळत नाही. पण माल आला, विकला गेला नाही आणि शिल्लकही दिसत नाही, तर तो कुठेतरी गळतो आहे, हे कॉमर्सवालीला कळतं.

"अहो, हे तेल जातं कुठे?"

हे म्हणाले, "थोडं कमी झालं होतं. भरलं." आणि पाठ फिरवून झोपले. बेचाळीस वर्षांच्या संसारात ही पाठ मला वाचता येते. मी म्हणाले, "उद्या नात मागे बसणार आहे." बराच वेळ उत्तर नाही. मग अंधारातच आवाज आला, "सकाळी बघतो."

सकाळी चाकांना दगड लावून गाडी जॅकवर घेतली. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला ओघळ. ड्रम काढला तर आत सगळं चिकट. चाकाजवळच्या ब्रेकच्या सिलिंडरचं रबर गेलं होतं. ब्रेकचं तेल बंद नळ्यांत असतं, लायनर झिजले की पातळी किंचित उतरते, पण पुनःपुन्हा भरावं लागत असेल तर गळतीच समजायची. त्यावर हे तेल हवेतली ओल ओढतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असतं. ओल शिरलेलं तेल उतारावर सतत ब्रेक दाबून तापलं की उकळतं, वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. पुढे वरंध्याची वळणं, डाव्या-उजव्या हाताला दरी.

हे जमिनीवर बसून राहिले. हातातला पाना खाली ठेवताना बोटं थरथरत होती. म्हणाले, "मला मेळाव्यापासून माहीत होतं. तिथे एवढं बोललो, मग गॅरेजला कसा जाऊ? आणि ते रबर बसवायला आता डोळे साथ देत नाहीत."

मला राग आला होता. विकून टाका म्हणायचं अगदी ओठावर होतं. पण आधी माझाच हिशोब समोर आला. सहा वर्षं मी या गाडीबद्दल मनातलं एक वाक्य बोलले नव्हते. यांनी गळती लपवली, मी नाराजी. एकाने खोटं सांगितलं नाही आणि दुसरीनेही नाही, तरी सत्य कुणीच बोललं नाही. मी ते सगळं तिथेच, चाकाशेजारी बसून सांगितलं. फंडाचे पैसे, विचारलं नाही त्याचं दुःख, सगळं. नात ओसरीवर बसून ऐकत होती, तरी सांगितलं.

मग गावातला एक तरुण मेकॅनिक बोलावला. त्याने दोन्ही बाजूंची रबरं आणि लायनर बदलले. तेल नवं भरल्यावर नळ्यांतली हवा काढावी लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने चाकाजवळचा बोल्ट उघडायचा, दुसऱ्याने पेडल दाबायचं. तो म्हणाला, "काकू, तुम्ही बसा वर." मी पहिल्यांदा त्या सीटवर बसले. "दाबा... धरून ठेवा... सोडा." चारही चाकांची हवा निघायला तासभर लागला. शेवटी पेडल पायाखाली घट्ट लागलं, आणि हे बाहेरून म्हणाले, "आता बरोबर."

रायगड राहिला. आठवड्याने नसरापूरमार्गे, सपाट रस्त्याने नातीला वेल्ह्याला नेलं, तोरण्याखाली इंद्रायणीचा भात आणि डाळ केली, सूर्य असताना जेवलो.

घरात आता तीन गोष्टी ठरल्या आहेत. ब्रेक, स्टिअरिंग आणि गॅस यांना घरी हात लावायचा नाही. बाकी यांचं राज्य. गाडीचा खर्च वेगळ्या पानावर, आणि महिन्याअखेर आम्ही दोघं मिळून ते वाचतो. घाट ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि पाठ मीच घोकून घेते.

मैत्रिणींनो, संवत्सरीला आपण शंभर जणींना मोबाइलवर मिच्छामि दुक्कडम पाठवतो. त्या वर्षी मी पहिलं यांना म्हणाले, समोर बसून, नाव घेऊन, कशाबद्दल ते सांगून. हे म्हणाले, "मलाही म्हणायचंय." आणि कशाबद्दल तेही त्यांनी सांगितलं.

तुमच्या घरात स्कूटर असो, पंप असो की नुसता गिझर, नवरा "भरलं, झालं" म्हणाला तर वही उघडून एकदा मागची पानं बघा.